सावंगी कितव्या ओळीत?

वर्ध्याजवळचे सावंगी (मेघे) हे गाव सुमारे २०.७१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७८.५८ अंश पूर्व रेखांशावर आहे. नकाशात ते शोधणे सातवी-आठवीच्या मुलांनाही जमते. संगणकातला नकाशा मात्र बहुधा आकड्यांचा एक मोठा तक्ता असतो. त्याला 'कितवी ओळ, कितवा रकाना?' असेच विचारावे लागते. मग अंशांवरून ओळ कशी काढायची?

एक खरा तक्ता घेऊ. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अवकाशयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरील बहुतेक जमिनीची उंची मोजली. ही माहिती एक अंश लांब व एक अंश रुंद अशा तुकड्यांत मिळते. सावंगीचा तुकडा २० ते २१ अक्षांश व ७८ ते ७९ रेखांश यांमधला. त्याच्या एका आवृत्तीत दर ३ सेकंदांना एक उंची दिलेली आहे. एका अंशात ३६०० सेकंद, म्हणजे १२०० अंतरे झाली. कुंपणाला अंतरांपेक्षा एक खांब जास्त लागतो, तसे येथे बिंदू १२०१ आहेत. मोजणी शून्यापासून होते.

रकाना सोपा आहे. पश्चिमेची कड ७८ अंशांवर, म्हणून (७८.५८ − ७८) × १२०० = ६९६.

ओळ काढताना मात्र सावध राहावे. अक्षांश खालून वर वाढतात. तक्ता आपण पुस्तक वाचतो तसा वरून खाली लिहिलेला असतो. म्हणून उत्तरेच्या कडेपासून मोजायचे: (२१ − २०.७१) × १२०० = ३४८.

हे विसरून कोणी २०.७१ मधून २० वजा केले, तर ओळ येईल ८५२. संगणक काहीही तक्रार न करता तिथली उंची सांगेल. पण ती जागा सुमारे ४६ किलोमीटर दक्षिणेला, वर्धा नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात असेल! उंचीचा आकडा पाहून ही चूक लक्षात येत नाही. म्हणून उलट हिशेब करून पाहावा: २१ − ३४८/१२०० = २०.७१. ताळा जुळला.

आणखी एक गोष्ट. ०.०१ अंश म्हणजे १२ ओळी, जमिनीवर सुमारे १.१ किलोमीटर. तेव्हा दोन दशांश स्थळांवरून गाव सापडेल, शाळेची इमारत नव्हे. त्यासाठी चार दशांश स्थळे हवीत. मग गुणाकार अपूर्णांकात आला, तर जवळचा पूर्णांक घ्यावा.

वर्गात आलेख कागदावर १० × १० चौकोन आखून हाच तुकडा मांडता येईल. एका गटाने अक्षांश-रेखांश सांगावेत, दुसऱ्याने ओळ व रकाना काढावा, तिसऱ्याने उलट हिशेब करावा. कुणाचे गाव नदी ओलांडून गेले, हे मुलेच शोधून काढतील.