ग्रीन्सबर्ग: तंबूत आखलेलं गाव

४ मे २००७ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या ग्रीन्सबर्गवरून दीड मैलाहून अधिक रुंदीचा टॉर्नेडो गेला. त्याची श्रेणी ईएफ-५, म्हणजे सर्वांत वरची. गावाचा सुमारे ९५ टक्के भाग उद्ध्वस्त झाला. वीसेक मिनिटं आधी भोंगे वाजले, लोक तळघरांत उतरले, म्हणून बहुतेकांचे जीव वाचले. सकाळी धड उभं होतं ते धान्याचं उंच कोठार, न्यायालयाची इमारत आणि अशीच थोडीफार बांधकामं.

हे गाव त्याआधीही ओसरत होतं. शिकलेली मुलं शहरांकडे जात होती आणि मागे म्हातारी माणसं उरत होती. त्यामुळे जे होतं तेच पुन्हा बांधायचं का, हा प्रश्न इथे खरोखरचा होता. त्याची चर्चा एका मोठ्या तंबूत झाली. घर गेलेली माणसं आपल्या गावाचा आराखडा ऐकायला आणि त्यावर वाद घालायला येत राहिली. ग्रीन्सबर्गच्या कहाणीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

२००७ संपण्याआधीच नगर परिषदेने ठराव केला: चार हजार चौरस फुटांहून मोठी नगरपालिकेची प्रत्येक इमारत ‘लीड प्लॅटिनम’ या पर्यावरणपूरक बांधकामाच्या सर्वोच्च दर्जाची हवी. असा नियम करणारं हे अमेरिकेतलं पहिलं गाव. खासगी घरांवर मात्र सक्ती नव्हती. नियम आधी स्वतःला लावायचा, हा शहाणपणा मोठमोठ्या शहरांनाही सुचत नाही. गावाबाहेर दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांची क्षमता साडेबारा मेगावॉट, गावाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त. रस्त्यांवर सगळे दिवे एलईडीचे लागले. शाळा काही वर्षं तात्पुरत्या खोल्यांत भरली. नवी इमारत आणि नवं रुग्णालय २०१० मध्ये सुरू झालं.

पाहुणे येतात ते मुख्यतः विहीर पाहायला. १८८७-८८ मध्ये हातांनी खणलेली, १०९ फूट खोल आणि ३२ फूट रुंद. तिच्यावर २०१२ मध्ये नवं संग्रहालय उघडलं. तिथे वादळाची हकिकत आहे आणि ढिगाऱ्यातून परत मिळालेली, सुमारे हजार पौंड वजनाची उल्काही.

माणसं मात्र सगळी परतली नाहीत. २००० मध्ये लोकसंख्या १,५७४ होती, २०१० मध्ये ७७७, २०२० मध्ये ७४०. वादळात गेली ती कर्ज फिटलेली जुनी, स्वस्त घरं होती. विम्याच्या पैशांत नवं घर उभं राहणं अनेकांना अवघड होतं. आराखड्याने सार्वजनिक इमारतींइतकाच विचार परवडणाऱ्या घरांचाही आधीपासून करायला हवा होता, असं मला वाटतं. तरी या आकड्यांवरून प्रयोगच फसला म्हणणं अन्यायाचं होईल. अख्ख्या किओवा परगण्याचं एकमेव रुग्णालय आजही ग्रीन्सबर्गमध्येच चालतं, आणि शेजारच्या वाड्यावस्त्यांची मुलंही शाळेला इथेच येतात.