खारा वारा आणि हिरवा कपलर

पेट्रोल गाडीचा इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी चिमुकली तोटी. आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं, मधोमध स्प्रिंगने दाबून धरलेली सुई आणि टोकाला केसासारखी बारीक भोकं. मागे पंपाने साधारण ३ ते ४ बार दाबाने पेट्रोल रेटून धरलेलं असतं. वेटोळ्यातून वीज गेली की त्याचा चुंबक होतो, सुई किंचित उचलली जाते आणि पेट्रोलचा फवारा उडतो. वीज तुटली की स्प्रिंग सुईला परत खाली बसवते. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसतं घुरघुरत असताना प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा उघडतो आणि दर वेळी एका सेकंदाच्या हजार भागांपैकी दोन-तीन भाग, म्हणजे दोन-तीन मिलिसेकंद, उघडा राहतो. इंजिन ३००० फेऱ्यांवर गेलं की हीच उघडझाप सेकंदाला २५ वेळा होते.

बॉश कंपनीने १९६७ साली फोक्सवॅगनच्या मोटारीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवलं, तेव्हा ती चैनीची वस्तू होती. भारतात प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा मोटारींतून कार्ब्युरेटर गेला, आणि १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज-६ लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकली आणि स्कूटरही इंजेक्शनवर आल्या. मालवणच्या जेटीजवळ किंवा तारकर्लीत पर्यटक जी भाड्याची नवी स्कूटर फिरवतात, तिच्यातही आज असाच एक इंजेक्टर आणि त्याला हुकूम देणारा छोटा संगणक असतो. गॅरेजच्या भाषेत हा संगणक म्हणजे ‘ईसीएम’.

इंजेक्टरला वायरी फक्त दोन. एका वायरीवर फ्यूज आणि रिलेमार्फत बॅटरीचा सप्लाय येतो; किल्ली फिरवली की तो तिथे हजर. दुसरी वायर ईसीएमकडे जाते. ईसीएम सप्लाय देत नाही, तो दुसऱ्या वायरीला ‘अर्थ’, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडची वाट, देतो. पाण्याच्या नळाला मागून कायम पाणी असावं आणि मोरीचं बूच कुणीतरी क्षणभर काढून पुन्हा लावावं, तसा हा कारभार. इंजेक्टरच्या विजेच्या दोषाची सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे, आणि ती डोक्यात पक्की नसलेला माणूस भलत्याच वायरीवर टेस्ट लॅम्प लावून ईसीएमचं नुकसान करून बसतो.

या दोन वायरी इंजेक्टरवर येतात त्या प्लॅस्टिकच्या जोडणीतून, म्हणजे कपलरमधून. आत पितळेच्या किंवा तांब्याच्या मिश्रधातूच्या, कल्हई केलेल्या दोन पट्ट्या आणि भोवती रबराचं सील. मालवणच्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा घात होतो तो इथे. समुद्राच्या पाण्यात वजनाने सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात. लाटा फुटल्या की त्यांचे तुषार वाऱ्यावर चढतात, पाणी उडून जातं आणि मिठाचे सूक्ष्म कण दांडीपासून देवबागपर्यंत प्रत्येक गाडीच्या बॉनेटखाली जाऊन बसतात. नुसतं सुकं मीठ वीज वाहून नेत नाही आणि धातूही फारसा खात नाही. पण हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ते याचमुळे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागतं. म्हणजे पाऊस संपून कपडे खडखडीत वाळायला लागले तरी कपलरमधली खारट ओल कायम राहू शकते. कल्हई झिजलेल्या जागी क्लोराइड तांब्याला भिडतं आणि हिरवट-निळसर पूड धरते. पितळेच्या समईवर चढतो तसाच हा हिरवा कळंक.

गाडीच्या सुट्या भागांचे नमुने मिठाच्या धुक्यात ठेवून तपासले जातात. ३५ अंश तापमान आणि ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा ही त्याची प्रचलित रीत. मालवणात ही परीक्षा वर्षभर फुकट चालू असते, आणि तिला सामोरा जातो तो नवाकोरा कपलर नव्हे, तर आठ वर्षं वापरलेला, सील कडक झालेला, खटका तुटून चिकटपट्टीने बांधलेला.

या कळंकाने काय बिघडतं ते साध्या भागाकाराने कळतं. सामान्य पेट्रोल मोटारीच्या इंजेक्टरच्या वेटोळ्याचा रोध १२ ते १६ ओहम असतो, १४ धरू. इंजिन चालू असताना सप्लाय १४ व्होल्टच्या आसपास, म्हणजे प्रवाह १ अँपिअर. कपलरमध्ये कळंकाचा ५ ओहम रोध शिरला तर एकूण १९ ओहम, आणि प्रवाह पाऊण अँपिअरच्याही किंचित खाली. वेटोळ्याच्या वाट्याला १४ ऐवजी जेमतेम १०.३ व्होल्ट. चुंबक दुबळा झाला की सुई उशिरा उचलते. ईसीएमने मोजून दिलेल्या अडीच मिलिसेकंदांतला आणखी एक तुकडा सुई हलण्यातच जातो आणि त्या सिलिंडरला पेट्रोल कमी मिळतं. गाडी ‘मिसिंग’ करते: सिग्नलला थांबली की थरथरते, चढाला पिकअप देत नाही, दमट सकाळी जास्त आणि दुपारी उन्हात कमी.

गंमत पुढे आहे. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर सगळ्या सिलिंडरांचा मिळून एकच धूर हुंगतो. त्याला ऑक्सिजन जास्त आढळला की ईसीएम सरसकट सगळ्या इंजेक्टरांचा वेळ वाढवतो. एकाची उपासमार आणि तिघांना अजीर्ण! अॅव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, आणि मेकॅनिकचं लक्ष नेमकं धडधाकट सिलिंडरांकडे जातं.

स्कॅनर लावल्यावर येणारे कोडही नीट वाचावे लागतात. पी ०२०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये दोष, पी ०२०२ म्हणजे दुसऱ्याच्या, अशी ही ओळ पुढे जाते. पण हा कोड येतो तो सर्किट पार तुटलेलं किंवा शॉर्ट झालेलं असेल तर. पाच-सात ओहमचा कळंक पुष्कळदा ईसीएमच्या नजरेतून सुटतो. तो फक्त पी ०३०१ दाखवतो, म्हणजे पहिलं सिलिंडर मिस मारतंय एवढंच. मग आधी प्लग बदलले जातात, नंतर इग्निशन कॉइल आणि शेवटी इंजेक्टर. इंजेक्टर बदलल्यावर गाडी खरोखर सुधारते, कारण तो बदलताना कपलर काढून पुन्हा घट्ट बसवला गेला आणि त्या घासण्यात पट्टीवरचा कळंक खरवडला गेला. दोन-तीन महिन्यांनी तेच दुखणं परत येतं, आणि दोष ‘नव्या मालाच्या क्वालिटी’ला दिला जातो.

म्हणून तपासणीची सुरुवात सुट्या भागांच्या दुकानातून नव्हे, कानापासून करावी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगाला टेकवून मूठ कानाशी धरली की चालू इंजेक्टरची टकटक स्वच्छ ऐकू येते. चारांपैकी एकाची टकटक बोथट किंवा मुकी असेल तर संशयित सापडला. सगळेच मुके असतील तर चार इंजेक्टर एका दिवशी मेले असं कधी समजू नये. फ्यूज, मुख्य रिले, इंजिनच्या फेऱ्या मोजणारा क्रँक सेन्सर आणि ईसीएमची अर्थ या सामाईक गोष्टी आधी बघाव्यात. अर्थचा बोल्ट बॉडीवर गंजलेला असणं ही किनाऱ्यावरची नेहमीची गोष्ट.

संशयिताचा कपलर इंजिन बंद करून काढावा आणि भिंगाखाली नाही तरी उजेडात नीट पाहावा. हिरवी पूड, काळवंडलेली पट्टी, आत दबलेली किंवा सैल पडलेली पिन, फाटलेलं सील या खुणा डोळ्यांनाच दिसतात. मग मल्टिमीटरने इंजेक्टरच्या दोन पिनांमधला रोध मोजावा आणि शेजारच्या इंजेक्टरांशी ताडून पाहावा. आकडा इंजिनच्या उष्णतेप्रमाणे बदलतो: तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्का वाढतो, त्यामुळे २५ अंशांवर १४ ओहम दाखवणारं वेटोळं ९० अंशांवर साडेसतराच्या घरात जातं. तो दोष नव्हे. मात्र गरम झाल्यावर एकाचाच रोध अनंत होत असेल तर आत तार तुटलेली आहे आणि तो इंजेक्टर बदलण्यावाचून इलाज नाही. पिन आणि इंजेक्टरचं धातूचं अंग यांच्यात मात्र मीटरने कधीच जोड दाखवू नये.

खरा सापळा पुढच्या पायरीवर आहे. किल्ली ऑन करून कपलरमधल्या सप्लायच्या पिनवर मीटर लावला की तो १२ व्होल्ट दाखवतो, आणि ‘सप्लाय ओके’ म्हणून प्रकरण मिटवलं जातं. पण मल्टिमीटर स्वतः जवळपास वीज खातच नाही. त्याचा रोध साधारण १ कोटी ओहम. त्याच्यापुढे कळंकाचे ५ ओहम म्हणजे समुद्रात थेंब. वायरीच्या सोळा तारांपैकी पंधरा तुटलेल्या असल्या तरी एकीवरून मीटरला पूर्ण व्होल्टेज पोचतं. कपलरमध्ये खोचून लुकलुक बघायचा एलईडीचा नॉइड लॅम्पही असाच फसवतो, कारण त्याला लागतो जेमतेम शंभरावा हिस्सा प्रवाह. ईसीएमचा हुकूम येतोय एवढं तो सांगतो. वायरीत दम आहे का, हे सांगत नाही.

दम पाहायचा तर वायरीवर ओझं टाकावं लागतं. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब सप्लायची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये लावला की तो पावणेदोन अँपिअर ओढतो. लख्ख पेटला तर सप्लाय खरंच ठीक. तांबूस, मिणमिणता पेटला तर वाटेत कुठेतरी रोध आहे. हा बल्ब ईसीएमकडच्या वायरीला मात्र चुकूनही लावू नये. कपलरच्या आतला दोष पकडायचा असेल तर इंजेक्टरमधून वीज वाहत असताना जोडणीच्या अलीकडे आणि पलीकडे किती व्होल्ट गळतात ते मोजतात. चांगल्या जोडणीवर दशांश व्होल्टही गळत नाही. मोजताना टाचणी वायरीच्या आवरणात खुपसण्याची सवय वाईट. ते भोक डोळ्यांना दिसत नाही, खाऱ्या ओलीला दिसतं. वर्ष-दोन वर्षांत वायर तिथूनच आतल्या आत सडते. पिन कपलरच्या मागच्या बाजूने, सीलच्या कडेने सरकवावी.

मिठाइतकाच दुसरा शत्रू चार पायांचा. चतुर्थीला चाकरमानी घरी आले की गाडी खळ्यात फणसाखाली उभी राहते, आणि इंजिनाच्या उबेला उंदीर येतात. त्यांनी ईसीएमकडची वायर सोलून ती इंजिनाला टेकवली तर इंजेक्टरला कायमची अर्थ मिळते आणि किल्ली ऑन असेपर्यंत तो उघडाच राहतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल भरतं, ऑइलमध्ये उतरतं, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून जळू शकतो. पेट्रोलचा उग्र वास आणि ऑइलची वाढलेली पातळी ही त्याची खूण. अशा गाडीला पुन्हापुन्हा स्टार्टर मारू नये.

दुरुस्ती तुलनेने सोपी, पण चिकाटीची. कळंक थोडा असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक ब्रश पुरतो. सँडपेपरने घासलं की उरलीसुरली कल्हईही जाते. पट्टी खचली असेल तर दोन वायरींसकटचा नवा कपलर बसवावा. जुनी वायर कापल्यावर आतल्या तारा काळ्या किंवा हिरव्या दिसल्या तर लालसर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जावं, कारण खारं पाणी आवरणाच्या आत तारांमधून इंच-इंच चढत जातं. जोड दाबून पक्का करावा. डाग द्यायचा तर राळेचाच, आम्लाचा नाही. त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आक्रसणारी नळी चढवावी. पिळून चिकटपट्टी मारलेला जोड मालवणात एक पावसाळा काढेल, दुसरा नाही. दोन वायरींचे जोड शेजारी-शेजारी न ठेवता मागे-पुढे ठेवावेत, सील नवं घालावं आणि त्याला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हात द्यावा. वायर कपलरशी येण्याआधी थोडी खाली झुकती ठेवली की वरून ओघळलेलं पाणी आत न जाता झोलावरून ठिबकतं.

डिझेल गाड्यांना हे सगळं जसंच्या तसं लावू नये. कॉमन रेल डिझेलमध्ये इंधनाचा दाब हजार बारच्याही पुढे जातो, वेटोळ्याचा रोध बहुधा एक ओहमहूनही कमी असतो आणि इंजेक्टर उघडायला ईसीएम साठ-सत्तर व्होल्ट किंवा त्याहून जास्तीचा धक्का देतो. चालू इंजिनावर त्या कपलरला हात लावणं धोक्याचं.

ईसीएमवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा: सप्लाय, अर्थ, वायर, कपलर आणि वेटोळं यांपैकी काहीच सापडलं नाही तर. काम संपल्यावर कोड पुसून गाडी मालवण-कसाळ रस्त्यावर चढ-उतार घेत गरम होईपर्यंत चालवावी, परतल्यावर इंजिन चालू ठेवून वायरींचा जुडगा हाताने हलवून पाहावा आणि स्कॅनर पुन्हा लावावा. पावसाळ्याच्या तोंडाला केलेली दुरुस्ती असेल तर पहिल्या जोरदार सरीनंतर त्याच कपलरवरची व्होल्टची गळती आणखी एकदा मोजावी.