केशर: औषधी गुण किती, समज किती?

गरोदर बाईला केशर-दूध, बाळाला केशर, श्रीखंडात केशर! आपल्या घरांत केशराला मोठा मान आहे. पण ते औषध म्हणून किती उपयोगी आहे आणि कोणी जपून वापरावे, हे समजून घेऊया.

केशरात काय असते?

केशराच्या प्रत्येक फुलात तीनच लाल तंतू असतात. एक ग्रॅम वाळलेल्या केशरासाठी साधारण १५० फुले लागतात, म्हणूनच ते इतके महाग असते. भारतात ते मुख्यतः काश्मीरमधील पांपोर भागात पिकते. त्यातील तीन घटक महत्त्वाचे आहेत:

• क्रोसिन: केशराचा रंग. गाजरातील रंगद्रव्याच्याच कुळातला, पण पाण्यात विरघळणारा. आतड्यात त्याचे क्रोसेटिनमध्ये रूपांतर होते आणि मग ते रक्तात शोषले जाते.
• पिक्रोक्रोसिन: किंचित कडू चव.
• सॅफ्रानल: सुगंध. तंतू वाळताना तो पिक्रोक्रोसिनपासून तयार होतो.

फायदा कशात दिसला आहे?

सर्वाधिक अभ्यास नैराश्यावर झाला आहे. सौम्य ते मध्यम नैराश्यात रोज ३० मिलिग्रॅम केशर सहा ते आठ आठवडे दिल्यावर लक्षणे कमी झाल्याचे दिसले. मासिक पाळीपूर्वीची चिडचिड, वयानुसार होणारा दृष्टिपटलाचा आजार आणि स्मृतिभ्रंश यांवरही आशादायक निष्कर्ष आहेत. मात्र हे बहुतेक अभ्यास लहान आणि थोड्या काळाचे आहेत. त्यामुळे केशर पूरक ठरू शकते, उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

नैराश्याची गोळी सुरू असेल तर केशराच्या भरवशावर ती स्वतःहून बंद करू नका. जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

केशराने बाळ गोरे होते का?

नाही. बाळाचा वर्ण आई-वडिलांच्या जनुकांवर ठरतो. गरोदरपणी दुधात दोन-चार काड्या चवीपुरत्या चालतात. पण जास्त केशराने गर्भाशय आकुंचन पावू शकते, म्हणून या काळात केशराच्या गोळ्या किंवा अर्क घेऊ नका.

किती घ्यावे?

एक काडी अंदाजे दोन मिलिग्रॅमची असते, म्हणजे ३० मिलिग्रॅमसाठी सुमारे पंधरा काड्या. स्वयंपाकातले प्रमाण यापेक्षा बरेच कमी आणि सुरक्षित असते. पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त केशर विषारी ठरू शकते.

डॉक्टरांना आधी कोणी विचारावे?

• रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी
• रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी, कारण जास्त केशराने रक्तदाब उतरू शकतो
• मानसिक आजाराची औषधे घेणाऱ्यांनी, विशेषतः बायपोलर आजार असल्यास
• शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी

अंगावर पुरळ, चक्कर किंवा रक्तस्राव दिसल्यास केशर थांबवून डॉक्टरांकडे जा.

खरे केशर कसे ओळखावे?

करडईच्या पाकळ्या किंवा मक्याच्या कणसाचे केस रंगवून केशर म्हणून विकले जातात. कोमट पाण्यात काडी टाकून बघा. खरे केशर हळूहळू सोनेरी-पिवळा रंग सोडते आणि काडी लालच राहते. पाणी लगेच लाल होऊन काडी पांढरी पडली, तर ती रंगवलेली समजा. पूड घेण्यापेक्षा काड्याच घ्या आणि हवाबंद डबीत अंधाऱ्या जागी ठेवा.

तुम्ही केशराची गोळी किंवा अर्क घेत असाल, तर पुढच्या तपासणीला ती बाटली सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा.