सर्व्हरचे फुकट लिनक्स आणि त्याची मुदत

वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या बाजारपेठेत ज्या दुकानात दोन-तीन गल्ल्यांवर बिले फाटतात, तिथे एक संगणक मागच्या खोलीत सतत चालू ठेवावा लागतो. साठा, उधारीची खाती, जीएसटीची बिले सारे त्यातच. यालाच सर्व्हर म्हणतात. "यावर लिनक्स टाकून देतो, फुकट आहे," असे संगणकवाला म्हणाला की व्यापारी खूश होतो. फुकट आहे हे खरे, पण मुदत किती, हे कोणी विचारत नाही.

लिनक्सचा गाभा फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये तयार केला. त्याचे मूळ लिखाण कोणीही पाहावे, बदलावे, पुढे द्यावे, असा त्याचा परवाना आहे. रेड हॅट या अमेरिकन कंपनीने (पुण्यातही तिचे कार्यालय आहे) धंद्यासाठी वेगळी, टिकाऊ आवृत्ती काढली. ती वर्गणीवर मिळते. वर्गणी मालाची नसून पाठबळाची असते. प्रत्येक आवृत्तीला सुमारे दहा वर्षे दुरुस्त्या मिळतात.

आम्हा कापडवाल्यांना हे लवकर कळेल. मिलचा शिक्का काढलेले, पण तेच सूत, तोच विणा असलेले थान स्वस्तात मिळावे, तसे 'सेंटओएस' होते. रेड हॅटच्याच उघड्या लिखाणातून, तिचे नाव काढून, ते बनत असे. पैसे नाहीत, म्हणून करारनामाही नाही. सेंटओएस 8 ला 2029 पर्यंत दुरुस्त्या मिळतील असे सांगितले होते. डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झाले की ते 2021 अखेरच बंद होणार, आणि झालेही. सेंटओएस 7 ची मुदत 30 जून 2024 ला संपली.

मुदत संपली तरी मशीन चालूच राहते, म्हणून मालकाला कळत नाही. पण प्रणालीत नवे भोक सापडले की त्याची माहिती जगजाहीर होते, चोरांनाही. दुरुस्ती येत नसेल तर दार उघडेच. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे हेच शोधत असतात. उधारीची वही गेली तर गिऱ्हाइकाकडे कोणत्या तोंडाने मागायचे?

सेंटओएसची जागा आता 'रॉकी' आणि 'अल्मा' या दोन प्रणालींनी घेतली आहे. दोन्ही मोफत. त्यांच्या आठव्या आवृत्तीला 2029 पर्यंत, नवव्या आवृत्तीला 2032 पर्यंत दुरुस्त्या आहेत. संगणकवाल्याला आवृत्तीचा आकडा विचारून वहीत लिहून ठेवावा. सेंटओएस 7 निघाले तर आधी सगळ्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, ती उघडते का पाहावे, मगच नवी प्रणाली कोरी बसवावी. दुरुस्त्या दर महिन्याला कोण चढवणार, हेही ठरवून घ्यावे. आमच्या मते त्याचे पैसे मोजावेत, फुकटच्या मागे लागू नये.

टॅली विंडोजवर चालते. म्हणून गल्ल्यावरची मशीन तशीच ठेवून लिनक्सच्या सर्व्हरवर 'सांबा' नावाची सोय करतात; विंडोजला ती साध्या सामायिक फोल्डरसारखी दिसते. मात्र हिशेबाची चालू फाइल तिथे ठेवण्याआधी आपल्या सॉफ्टवेअरवाल्याकडून लेखी होकार घ्यावा. तोवर रोजच्या नकला तिथे ठेवायला हरकत नाही.