डांबरगोळ्या आणि बाळाची कावीळ

बाळाला ट्रंकेतले जुने कपडे घालता? त्यात नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्या असतील तर सावधान.

आपल्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम असते. ५१५ अमिनो आम्लांची एक साखळी. अशा दोन किंवा चार जुळल्या की ते काम करते. साखर वापरून ते पेशीला संरक्षण पुरवते. ते जन्मतः कमी असेल, तर डांबरगोळ्यांनी किंवा हिवतापावरच्या प्रायमाक्विनने पेशी फुटतात. डोळे पिवळे, लघवी काळपट, बाळ मलूल.

हा दोष आनुवंशिक. मुलग्यांत जास्त दिसतो. करणी नाही, आईचा गुन्हाही नाही. गंडेदोरे, उतारे नकोत. सातारा असो वा सांगली, थेट सिव्हिल गाठा; ‘जी-सिक्स-पीडी तपासायचे का?’ असे डॉक्टरांना विचारा.