मंदिरपथगामिनीचा शिल्पकार

आम्ही नाशिककर काळ्या पाषाणाच्या सान्निध्यात वाढलेले. काळारामाचे देऊळ काळ्या दगडाचे, पांडवलेण्यांतले बुद्धही काळ्या कातळातलेच. पांढऱ्या संगमरवराविषयी मला परकेपणाच वाटे. तो दूर केला गणपतराव काशिनाथ म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ने, आणि मौज अशी, की ती मूर्ती संगमरवराची नाहीच, प्लास्टरची आहे!

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना, १८९६ च्या सुमारास, म्हात्र्यांनी ती घडविली. नऊवारी नेसून देवळाकडे निघालेली मराठी तरुणी. अंगाचा डौल ग्रीक मूर्तीचा. लुगड्याच्या चुण्या मात्र आपल्या माजघरातल्या. सर जॉर्ज बर्डवुड यांनी तिची वाखाणणी केली. रवींद्रनाथांनी १८९८ साली तिच्यावर बंगालीत लेख लिहिला.

पण कौतुकाने संगमरवर येत नाही. मातीचा नमुना, मग प्लास्टर, मग मापे घेत घेत दगडात उतरविणे, हा खर्च पेलणार कोण? संस्थानिक नि सरकार! साहजिकच म्हात्र्यांच्या वाट्याला थोरामोठ्यांचे पुतळे आले. अहमदाबादसाठी त्यांनी राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा केला; मुंबईतला न्यायमूर्ती रानड्यांचा पुतळाही त्यांचाच.

१९४७ साली म्हात्रे वारले. त्याच वर्षी राज्य बदलले आणि पुढे ठिकठिकाणच्या राण्या चौथऱ्यांवरून उतरल्या. म्हात्र्यांचे नाव निघते ते मात्र कुणी न सांगता, विद्यार्थिदशेत केलेल्या त्या प्लास्टरच्या पोरीमुळे. घरात एखादे मूल मातीशी खेळत बसले, तर वाचकहो, त्याला उठवू नका!