सूर संपले तर?

1826-27 च्या सुमारास लंडनमधल्या एका विशीतल्या तरुणाला एक विलक्षण चिंता लागली होती: जगातलं संगीत संपून गेलं तर? सप्तकात पाच पूर्ण अंतरं आणि दोन अर्धी. त्यांच्या जुळण्या करून करून किती होणार? त्यातल्या कानाला गोड लागणाऱ्या तर आणखी थोड्या, आणि त्यातल्या बहुतेक आधीच कुणीतरी शोधून ठेवलेल्या. मग मोझार्ट आणि वेबर या संगीतकारांच्या मागून येणाऱ्यांनी नवं काय रचायचं? या विचारानं तो खरोखरच हैराण झाला होता.

या तरुणाचं नाव जॉन स्टुअर्ट मिल. चिंता ऐकायला चमत्कारिक वाटते, पण तिच्या तळाशी त्यानं फार बारकाईनं पाहिलेली एक गोष्ट होती. त्या काळात त्यानं वेबरचा 'ओबेरॉन' हा ऑपेरा पहिल्यांदाच ऐकला आणि तो सुखावून गेला. मात्र त्याच्या लक्षात आलं, की ही गोडी ओळखीनं कमी होते. चाल कानात बसली की तिची जादू ओसरते. मग एक तर मध्ये खंड पडू द्यावा लागतो, नाही तर सारखं काहीतरी नवं हवं. माणसाचं सुख नवेपणावरच तगणार असेल आणि नवेपणाच मोजका असेल, तर हिशेब कधीतरी शून्यावर येणारच.

हिशेबाची ही सवय त्याला घरातून लागली होती. वडील जेम्स मिल यांनी त्याला तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन शिकवायला घेतलं. वडिलांचे स्नेही जेरेमी बेंथम यांनी सुखाचं चक्क गणित मांडलं होतं: सुख किती तीव्र, किती वेळ टिकणारं, किती खात्रीचं, किती जवळचं, अशी सात मापं. सगळ्या सुखांची बेरीज करायची, दुःखं वजा करायची आणि समाजाच्या पदरात जास्तीत जास्त शिल्लक पडेल असं वागायचं. सतराव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरीला लागलेला हा मुलगा याच ध्येयासाठी जगत होता. 1826 च्या शरद ऋतूत त्यानं स्वतःला विचारलं, की तुला हव्या आहेत त्या सगळ्या सुधारणा या क्षणी घडून आल्या, तर तुला आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. त्यानंतर कित्येक महिने तो काळोखात होता. कामं करत होता, भाषणंही देत होता, पण कशातच जीव नव्हता.

आता मिलला सोडून सव्वाशे वर्षं पुढे, कॅनडातल्या माँट्रियलला जाऊ. 1954 साली मॅकगिल विद्यापीठातल्या जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी एक शोध प्रसिद्ध केला. उंदराच्या मेंदूत एक बारीक तार बसवून ते विजेचे हलके झटके देत होते. एका उंदरात ती तार ठरल्या जागी न जाता भलतीकडे जाऊन बसली होती, आणि टेबलाच्या ज्या कोपऱ्यात झटका मिळाला तिथेच हा उंदीर पुन्हा पुन्हा जात होता! मग त्यांनी उंदरांनाच कळ दाबून स्वतःला झटका देण्याची सोय करून दिली. उंदीर तासाला शेकड्यांनी, पुढच्या प्रयोगांत तर हजारांनी कळ दाबू लागले. समोर अन्न असलं तरी त्यांना कळच हवी असे. मेंदूतलं सुखाचं ठिकाण सापडलं असं जगाला वाटलं, आणि तसं वाटणं साहजिक होतं.

पण ते सुख होतं का?

मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज या प्रश्नाला भिडले. उंदीर काही बोलून सांगत नाही, पण त्याचा चेहरा बोलतो. गोड थेंब जिभेवर पडला की उंदीर, माकड आणि माणसाचं तान्हं बाळ हे तिघंही जवळपास सारख्याच तऱ्हेनं जीभ बाहेर काढून मिटक्या मारतात. कडू लागलं की तोंड वासतात. बेरिज यांनी ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळजवळ नाहीसं केलेलं होतं, असे उंदीर तपासले. हे उंदीर अन्न समोर असूनही खात नाहीत, भरवलं नाही तर उपाशी मरतात. म्हणजे त्यांना गोडाची गोडीच उरली नसणार, असा सगळ्यांचा अंदाज. पण साखरेचं पाणी जिभेवर सोडल्याबरोबर त्यांनी पूर्वीसारख्याच मिटक्या मारल्या. गोडी शाबूत होती, फक्त त्या गोडीकडे धाव घेणं संपलं होतं.

मला हा आपल्या मेंदूबद्दलचा सगळ्यात थक्क करणारा शोध वाटतो. हवंसं वाटणं आणि आवडणं ही दोन वेगळी यंत्रं आहेत. ओढीचं यंत्र मोठं, दूरवर पसरलेलं आणि डोपामिनवर चालणारं. गोडीची ठिकाणं मात्र चिमुकली. उंदराच्या मेंदूत त्यातलं एक जेमतेम घन मिलिमीटरभर आहे. एक चालू असताना दुसरं बंद असू शकतं. रात्री एक वाजता फोनवर रील सरकवत राहिलेलं बोट आठवा. मजा केव्हाच सरलेली असते, बोट मात्र थांबत नाही. ओल्ड्सचे उंदीर कळ दाबत होते ते सुखानं तृप्त होऊन नव्हे. बेरिज यांच्या मते त्यांची ओढ पेटवली जात होती.

ही ओढ पेटते कधी? स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबर्गला वोल्फराम शुल्त्स यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींवर प्रयोग केले. अनपेक्षित रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी उसळत. रसाआधी दिवा लागतो हे माकड शिकलं, की पेशी दिव्यालाच उसळू लागत आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा गप्प राहत. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या नेहमीच्या पातळीच्याही खाली जात. म्हणजे मिळालेलं किती गोड आहे यापेक्षा अपेक्षेहून किती जास्त मिळालं, याची नोंद मेंदू इथे ठेवतो. ठरल्याप्रमाणे मिळालेल्या सुखाला या वहीत ओळच नाही. 'ओबेरॉन'ची चाल पाठ झाल्यावर मिलला जे जाणवलं, त्याचा निदान काही भाग तरी या वहीत सापडतो असं मला वाटतं. आणि सुख असं ओसरतं हे प्रयोगांशिवायच ओळखणाऱ्या कठोपनिषदातल्या नचिकेत या पोराचं तर मला फारच नवल वाटतं. यम त्याला हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य, रथातल्या अप्सरा असं सगळं देऊ करतो, आणि नचिकेत म्हणतो की हे उद्या असेल नसेल, शिवाय इंद्रियांचं तेजच झिजवतं.

मिल काळोखातून बाहेर आला तो कशानं? मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचता वाचता. वडील वारलेले, घर उघड्यावर पडलेलं, आणि लहानगा मार्मोंतेल एकाएकी ठरवतो की या सगळ्यांचा आधार मी होईन. तो प्रसंग वाचून मिलच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला कळलं की आपण आतून मेलेलो नाही. गोड चालीला न जमलेलं काम दुसऱ्याच्या दुःखानं केलं. पुढे आत्मचरित्रात त्यानं लिहिलं, की सुख हेच थेट ध्येय केलं की ते निसटतं. दुसऱ्या कशात मन गुंतलं तरच ते वाटेत भेटतं.

हे पडताळून पाहता येतं का? स्कूलर, एरिली आणि लोवेनस्टाइन यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना स्ट्राविन्स्कीची एक रचना ऐकवली. काहींना नुसतं ऐकायला सांगितलं, काहींना ऐकता ऐकता जास्तीत जास्त आनंदी व्हायचा प्रयत्न करायला सांगितलं. प्रयत्न करणाऱ्यांचं मन नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा उदास निघालं. आपल्याला किती मजा येतेय हे सारखं तपासणाऱ्यांचीही तीच गत.

म्हणून सुख सोडा आणि अर्थ शोधा, असं सांगणं मात्र मला पटत नाही. 1826 मधल्या मिलकडे समाजसुधारणेचं भलंथोरलं ध्येय होतंच की! ते ध्येय हिशेबानं हाती आलं होतं, त्यात ओल नव्हती. शिवाय अर्थपूर्ण जगणं स्वस्त नाही. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 2013 साली 397 अमेरिकन प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुखी आयुष्य आणि अर्थपूर्ण आयुष्य बरंचसं एकमेकांत मिसळलेलं होतं, पण जिथे वाटा फुटत होत्या तिथलं चित्र पाहण्यासारखं आहे. तब्येत, पुरेसा पैसा, गरजा भागणं यांचं नातं सुखाशी होतं, अर्थाशी फारसं नाही. उलट काळजी, ताण, भांडणं हे सगळं जास्त अर्थाच्या बाजूला सापडलं. सुखाचा संबंध आत्ताच्या क्षणाशी दिसला; अर्थाचा, मागचं आणि पुढचं जोडून पाहण्याशी. हे सगळं लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं, आणि एकाच देशातलं. पण लेकरू तापानं फणफणलेलं असताना रात्रभर उशाशी बसलेल्या कुणालाही ते खोटं वाटणार नाही.

मिलचं पुढचं आयुष्य या अर्थाच्या बाजूचं आहे. 1867 साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये त्यानं स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून दुरुस्ती मांडली. बाजूनं 73 मतं पडली, विरुद्ध 196. खासदार म्हणून आपण केलेलं खरं महत्त्वाचं काम बहुधा हेच, असं या हरलेल्या मतदानाबद्दल त्यानं लिहून ठेवलं.

त्याच मिलचं लेखन कऱ्हाडजवळच्या टेंभूचा एक गरीब विद्यार्थी पुण्यात वाचत होता. या विद्यार्थ्यानं, गोपाळ गणेश आगरकरांनी, आईला पत्रानं कळवलं, की मोठ्या परीक्षा देणारा आपला मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी करील असे मनोरथ करू नकोस. पोटापुरत्या पैशात मी समाधान मानीन आणि सगळा वेळ परहितासाठी देईन. त्यानंतर वाट्याला आला 1882 मधला डोंगरीच्या तुरुंगातला 101 दिवसांचा वास, दमा, आणि जिवंतपणी पुण्यात लोकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा. 1895 मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी ते गेले. मधल्या काळात 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला, 1892 पासून फर्ग्युसन कॉलेजचं प्राचार्यपद सांभाळलं, आणि संमतीवयापासून केशवपनापर्यंत ज्या प्रश्नांवर लिहिल्यानं शिव्या पडत होत्या, त्याच प्रश्नांवर ते लिहीत राहिले.